काम आहे, कामगार नाही : जपानी कारखानदारीचा नवा पेच

मोरगावच्या मयूरेश्वराचे दर्शन घेऊन बारामतीच्या रस्त्याला लागलेल्या पुणेकर भाविकाला एक विसंगती हमखास जाणवते. बारामती म्हटले की ऊस, द्राक्षबागा, साखर कारखाने आणि नीरेचा कालवा असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. कऱ्हेच्या काठचे मोरगाव आणि त्याच्या आसपासचा सुपे, कऱ्हाटी, लोणी भापकर हा पट्टा त्याच तालुक्यातला असूनही या चित्रात बसत नाही. हा जिरायती भाग आहे. जनाई-शिरसाई आणि पुरंदर या उपसा सिंचन योजनांच्या आवर्तनाकडे येथील शेतकऱ्याचे डोळे लागलेले असतात. साहजिकच घरातला एक तरी मुलगा ‘कंपनीत’ असावा, ही येथे हौस नसून गरज ठरते. एका बाजूला सतरा-अठरा किलोमीटरवर जेजुरीची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला बारामतीची. घर सोडण्याची तयारी असेल तर रांजणगाव आणि चाकण. आयटीआयचे प्रमाणपत्र हाती पडलेल्या मुलाचा नकाशा आजवर साधारण एवढाच होता.

या नकाशात आता जपानची भर पडू पाहत आहे. २९ ऑगस्ट २०२५ रोजी टोक्योत झालेल्या भारत-जपान शिखर भेटीत मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीचा एक आराखडा जाहीर झाला. पाच वर्षांत दोन्ही देशांतील मिळून पाच लाख लोकांची ये-जा व्हावी आणि त्यांपैकी पन्नास हजार कुशल व होतकरू भारतीयांनी जपानला जावे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. ज्या देशाने परकी कामगाराला आपल्या दारात उभे करण्याचे अनेक दशके टाळले, तोच देश आज अशी दारे का उघडतो आहे? आणि ही दारे नेमकी किती उघडली आहेत? घरातल्या मुलाला दूरदेशी धाडण्याचा विचार करणाऱ्या कोणत्याही कुटुंबाने जपानी कारखानदारीची ही कथा मुळापासून समजून घ्यायला हवी.

दोन आकडे शेजारी ठेवले की निम्मी गोष्ट उलगडते. महायुद्धानंतर, १९४९ साली, जपानमध्ये सुमारे २७ लाख मुले जन्मली. २०२४ साली जन्मलेल्या जपानी मुलांची संख्या ६ लाख ८६ हजार होती. म्हणजे जवळपास एक चतुर्थांश. जपानची एकूण लोकसंख्या २००८च्या सुमारास पावणेतेरा कोटींच्या आसपास शिखरावर पोचून उतरणीला लागली. परंतु काम करू शकणाऱ्यांची, म्हणजे १५ ते ६४ या वयोगटाची, उतरण त्याआधीच सुरू झाली होती. १९९५च्या सुमारास ८ कोटी ७० लाखांवर असलेला हा गट आज साडेसात कोटींच्याही खाली आला आहे. आज दर दहा जपानी माणसांमागे जवळजवळ तिघे पासष्टीच्या पलीकडचे आहेत.

कारखान्यांतील कामगारांची संख्या मात्र लोकसंख्येपेक्षाही वेगाने घटली. १९९२ साली जपानच्या उत्पादनक्षेत्रात सुमारे १ कोटी ५७ लाख माणसे काम करीत होती. आज ती १ कोटी ५ लाखांच्या आसपास आहेत. येथे एक गोष्ट बारकाईने पाहायला हवी. ही सारी घट एकाच कारणाने झालेली नाही. पहिल्या टप्प्यात कामच देशाबाहेर गेले म्हणून कामगार कमी झाले. आता काम आहे, पण त्याला हात नाहीत. या दोन टप्प्यांत जपानी कामगाराच्या वाट्याला जे आले, तेच उद्या तिथे जाणाऱ्या परक्या कामगाराच्या वाट्याला कोणत्या ना कोणत्या रूपात येणार आहे; म्हणून हा इतिहास थोडा विस्ताराने पाहू.

‘जपानी कामगार’ म्हटल्यावर आपल्या मनात एक ठरलेली प्रतिमा असते. शिस्तीचा, कंपनीशी एकनिष्ठ, संप करायचाच झाला तर दंडाला काळी फीत बांधून काम चालू ठेवणारा. ही प्रतिमा जपानी रक्तातून आली, अशी आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. १९५० साली टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. कामगारकपातीच्या प्रश्नावर त्या वर्षी मोठा संप झाला, अनेकांना घरी जावे लागले आणि कंपनीचे संस्थापक कीइचिरो तोयोदा यांनी स्वतः अध्यक्षपद सोडले. १९५३ साली निस्सानमध्ये असाच कडवा संघर्ष झाला. १९६० साली मिइके येथील कोळसा खाणींचा लढा तर देशभर गाजला. या संघर्षांच्या राखेतून एक अलिखित करार जन्माला आला. कंपनीने शाळा-कॉलेजातून निघालेल्या मुलाला घ्यायचे, निवृत्तीपर्यंत सांभाळायचे, वयाबरोबर पगार वाढवायचा. कामगाराने बदली, नवे यंत्र, नवी पद्धत यांना नकार द्यायचा नाही. कामगार संघटनाही व्यवसायवार नव्हे तर कंपनीपुरती. आजन्म नोकरी म्हणतात ती ही.

टोयोटाच्या गाजलेल्या उत्पादनपद्धतीचा अर्थ या कराराशिवाय लागत नाही. ताइइची ओहनो यांनी घडविलेल्या या पद्धतीत साठा ठेवायचा नाही, लागेल तेव्हा लागेल तेवढाच भाग मागवायचा, हे एक सूत्र. त्यासाठी वापरायची चिठ्ठी म्हणजे ‘कानबान’. दुसरे सूत्र साकिची तोयोदा यांच्या यंत्रमागाच्या कारखान्यातून आले. १९२४च्या त्यांच्या स्वयंचलित मागात धागा तुटताच माग आपोआप थांबे, त्यामुळे खराब कापड विणलेच जात नसे. पुढे मोटारीच्या लाईनवर हेच तत्त्व माणसाच्या हाती दिले गेले. दोष दिसला की साध्या कामगारानेही दोरी ओढून सबंध लाईन थांबवायची. विचार करा, ही दोरी कोण ओढेल? ज्याला उद्या कामावरून काढले जाईल अशी धास्ती आहे, तो ओढणार नाही. पन्नास सेकंदांचे काम पंचेचाळीस सेकंदांत कसे होईल हे सुचविणारा कामगार आपलीच जागा वाचवून दाखवीत असतो. त्या वाचलेल्या जागेवरून आपण रस्त्यावर येणार नाही, ही खात्री असेल तरच तो तोंड उघडेल. ‘काइझेन’ म्हणजे रोजची छोटी सुधारणा. तिचे मूळ भांडवल नोकरीच्या शाश्वतीत होते, आणि ही गोष्ट व्यवस्थापनाच्या पुस्तकांत बहुधा तळटीपेत जाते.

अर्थात या कराराच्या मांडवाखाली सगळेच नव्हते. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून ईशान्य जपानच्या खेड्यांतून नुकत्याच शाळा संपविलेल्या मुलामुलींना खास आगगाड्यांत भरून टोक्योच्या उएनो स्थानकावर आणले जाई. स्वस्तात मिळणाऱ्या या पोरांना मालक कौतुकाने ‘सोन्याची अंडी’ म्हणत. तोहोकुचे शेतकरी हिवाळ्यात शेते बर्फाखाली गेली की चार महिने कारखान्यांत आणि बांधकामांवर राबायला येत. त्याला जपानीत ‘देकासेगी’ असा शब्द आहे. सोमेश्वर आणि माळेगावच्या साखर कारखान्यांवर दर हंगामात बीडकडून कोयता घेऊन येणाऱ्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या शब्दाचे भाषांतर करून सांगण्याची गरज नाही. कामाता सातोशी हा पत्रकार १९७२ साली हंगामी कामगार म्हणून सहा महिने टोयोटाच्या लाईनवर राबला आणि त्याने लिहिलेल्या पुस्तकाने या पद्धतीची दुसरी बाजू जपानी वाचकांसमोर आणली. म्हणजे कायम कामगारांचा गाभा आणि त्याभोवती हंगामी, कंत्राटी, लहान पुरवठादारांकडील स्वस्त कामगारांचे कडे, अशी रचना पहिल्यापासूनच होती. गाभा मोठा होता तोवर कडे फारसे कोणाच्या डोळ्यांवर आले नाही.

आता जपानी कारखानदारी आपल्याकडे कशी पोचली, याकडे वळू. महाराष्ट्राचा जपानशी उद्योगसंबंध पुष्कळ जुना आहे. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन यूसेन काइशा या जपानी कंपनीने मुंबई ते कोबे अशी जहाजवाहतूक सुरू केली. आपला कापूस त्या जहाजांतून जाऊ लागला आणि काही दशकांतच जपानी गिरण्यांचे स्वस्त कापड मुंबईच्या गिरणीमालकांची झोप उडवू लागले. स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या वाट्याला जपान आला तो दुचाकींच्या रूपाने. १९८०च्या दशकाच्या मध्यास बजाजने कावासाकीशी तांत्रिक सहकार्य केले आणि फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाशी भागीदारी केली. बटण दाबताच चालू होणारी कायनेटिक होंडा हे तेव्हाच्या मध्यमवर्गीय पुणेकराचे स्वप्न होते. (तिचे उत्पादन मात्र मध्य प्रदेशातील पीथमपूरला होई, हे कित्येकांना ठाऊक नसे.) २००३ साली महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने जपानचे मानाचे डेमिंग पारितोषिक मिळविले. ट्रॅक्टर बनविणारी जगातील कोणतीही कंपनी तोवर या मानापर्यंत पोचली नव्हती. २०१३ साली ब्रिजस्टोनचा टायर कारखाना चाकणला उभा राहिला.

परंतु मालकीपेक्षा पद्धतीचा प्रसार अधिक दूरवर झाला. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील मोठी नावे जपानी नाहीत. १९९९ पासून येथे आपे ही तीनचाकी आणि २०१२ पासून व्हेस्पा बनविणारी पियाजिओ इटालियन आहे, चॉकलेटे बनविणारी फेरेरोही इटालियन. भारत फोर्ज पुण्याचीच. तरीही वाहन उद्योगाशी नाते असलेल्या कोणत्याही कारखान्यात आज पाऊल टाकले की कामाची परिभाषा जपानी आढळते. ‘फाइव्ह एस’चा फलक, काइझेनची पाटी, चूक होऊच नये म्हणून केलेल्या युक्तीला ‘पोका-योके’, वाया जाणाऱ्या वेळेला आणि मालाला ‘मुदा’. जिरायती गावातून येणारा विशीतला मुलगा हे शब्द पहिल्या आठवड्यात शिकतो आणि घरच्यांना त्यांचा पत्ताही नसतो.

आपण पद्धत घेतली. तिच्याबरोबरचा करार मात्र घेतला नाही. भारतातील संघटित कारखान्यांत आज सुमारे ४० टक्के कामगार कंत्राटदारामार्फत घेतलेले आहेत. त्यांत शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थी म्हणून राबणारे मिळविले की लाईनवर कायम कामगार शोधून काढावे लागतात. सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन पुन्हा नव्या नावाने घेतलेला मुलगा लाईन थांबविण्याची दोरी ओढेल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. याचा स्फोट कसा होतो हे हरियाणातील मानेसरने दाखविले. १८ जुलै २०१२ रोजी मारुती सुझुकीच्या कारखान्यात झालेल्या हिंसाचारात एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. २०१७ साली न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरविले, त्यांतील १३ जणांना जन्मठेप झाली, तर ११७ जण निर्दोष सुटले. आणि सुटलेल्यांची मधली वर्षे कोणी परत केली नाहीत. हिंसेचे समर्थन कोणीच करणार नाही. पण कायम आणि कंत्राटी यांच्यातील दरी हा त्या असंतोषाचा एक मोठा धागा होता, हे नाकारता येत नाही. टोयोटाच्या बिदडी येथील कारखान्यातही २००६ आणि २०२० साली संप-टाळेबंदीचे प्रसंग आले. आता टोयोटा किर्लोस्करचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला यायचा आहे. त्यासाठीचा सामंजस्य करार जुलै २०२४ मध्ये झाला. तेथे यंत्रे कोणती येणार यापेक्षा कामगार कोणत्या अटींवर घेतले जाणार, हा प्रश्न मराठवाड्याने आधी विचारावा असे वाटते.

दरम्यान खुद्द जपानमध्येच तो जुना करार विरत गेला होता. सप्टेंबर १९८५च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने महागला. डॉलरला सुमारे २४० येन मोजावे लागत, ते दोन-अडीच वर्षांत १२०च्या आसपास आले. जपानी माल परदेशात महाग झाला आणि कंपन्यांनी कारखानेच थायलंड, मलेशिया, अमेरिका आणि पुढे चीनमध्ये हलविले. या पोकळ होत जाण्याला जपानीत ‘कूदोका’ म्हणतात. १९९०च्या सुरुवातीस जमिनी आणि शेअरचा फुगा फुटला, तेव्हा कंपन्यांनी कायम कामगारांना काढले नाही. नवे घेणे थांबविले. त्या दशकात पदवी घेऊन बाहेर पडलेल्या एका सबंध पिढीला गाभ्यात जागाच मिळाली नाही. २००४ साली कायदा बदलून कारखान्यांतील उत्पादनाच्या कामावरही मध्यस्थ कंपन्यांकडून माणसे घेण्याची मुभा देण्यात आली आणि ‘हाकेन’ म्हणजे पाठविलेले कामगार मोटारींच्या व इलेक्ट्रॉनिक्सच्या लाईनवर दिसू लागले. १९९०च्या सुमारास एकूण नोकरदारांत अनियमित कामगार पाचांत एक होते. पुढे ते प्रमाण तिघांत एकाच्याही वर गेले.

या रचनेची कसोटी २००८च्या मंदीत लागली. हजारो पाठविलेल्या कामगारांचे करार एका फटक्यात संपविण्यात आले. नोकरीबरोबर कंपनीची खोलीही गेली. ३१ डिसेंबर २००८ रोजी टोक्योच्या हिबिया उद्यानात, मंत्रालयांच्या अगदी दारात, स्वयंसेवकांनी तंबू ठोकले आणि नववर्षाच्या त्या थंडीत सुमारे पाचशे बेघर कामगारांनी तिथे आसरा घेतला. ज्या देशाची ओळख आजन्म नोकरी ही होती, त्याच्या राजधानीतले हे दृश्य जपानी वृत्तवाहिन्यांनी दिवसरात्र दाखविले.

त्याच मंदीत दुसरी एक घटना घडली, ती फारशी गाजली नाही. आपल्या दृष्टीने मात्र ती अधिक बोलकी आहे. १९९० साली जपानने कायदा बदलून ब्राझील आणि पेरू येथे स्थायिक झालेल्या जपानी वंशाच्या लोकांना परत येऊन काम करण्याची सवलत दिली होती. सरकारने त्यांना कामगार म्हणून बोलाविले नव्हते. ‘आपले वंशज’ म्हणून बोलाविले होते. ते आले आणि हामामात्सु, टोयोटा, ओइझुमी या गावांतील कारखान्यांत लागले. एकट्या ब्राझीलच्या नागरिकांची संख्या तीन लाखांवर गेली. २००९ साली काम आटल्यावर सरकारने त्यांना मायदेशी परतण्यासाठी माणशी तीन लाख येन देऊ केले. अट एकच : त्याच सवलतीवर पुन्हा लगेच यायचे नाही. हात हवे होते तेव्हा वंशाचे नाते आठवले आणि नको झाले तेव्हा तिकिटाचे पैसे हातावर ठेवले गेले.

आजची स्थिती नेमकी उलटी आहे. टोक्योच्या ओता भागात १९८३ साली नऊ हजारांवर लहान कारखाने होते. घराच्या तळमजल्यावर लेथ, वर संसार. मोठ्या कंपन्यांचे अवघड सुटे भाग अशाच ठिकाणी घडत. आज त्यांतले निम्मेही उरलेले नाहीत. आणि बंद पडणारे सगळेच तोट्यात नव्हते. मालक सत्तरीला आला, मुलगा टोक्योतील कार्यालयात नोकरीला लागला, कामाचा हात शिकून घ्यायला कोणी नाही, म्हणून शटर खाली आले. जपान सरकारच्याच एका जुन्या अंदाजानुसार २०२५ पर्यंत सत्तरी ओलांडणाऱ्या लहान-मध्यम उद्योजकांची संख्या सुमारे २४५ लाख नव्हे, २४ लाख ५० हजार होणार होती. त्यांतील जवळपास निम्म्यांना वारस नव्हता. आपल्याकडे भोसरी आणि हडपसरच्या वर्कशॉपवाल्यांना ही चिंता अजून नवी वाटेल, पण फार काळ नवी राहणार नाही.

मोठ्या कंपन्यांची गोष्ट निराळी. मे २०२५ मध्ये निस्सानने जगभरातील वीस हजार नोकऱ्या कमी करण्याचे आणि सतरा कारखान्यांचे दहा करण्याचे जाहीर केले. योकोसुका येथील ओप्पामाचा तिचा जुना, नावाजलेला कारखाना मार्च २०२८ पर्यंत मोटारी बनविणे थांबविणार आहे. दुसऱ्या टोकाला कुमामोतोजवळ तैवानच्या टीएसएमसीने फेब्रुवारी २०२४ मध्ये चिपचा कारखाना उघडला. अशा नव्या, श्रीमंत कारखान्याशी पगारात बरोबरी करणे शेजारच्या लहान उद्योगांना कसे झेपावे? म्हणजे एकाच देशात एकीकडे माणसे जास्त आहेत आणि दुसरीकडे माणूस मिळत नाही. तीस वर्षे हललेही नव्हते ते पगार आता हलू लागले आहेत. वसंतातील वार्षिक वेतनवाटाघाटींत, ज्यांना ‘शुन्तो’ म्हणतात, २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी पाच टक्क्यांहून अधिक वाढ मिळाली. अशी वाढ त्याआधी तीन दशकांपूर्वी मिळाली होती.

मग यंत्रमानव कुठे गेले, असे वाचक विचारील. ते आहेतच. यंत्रमानव बनविण्यात फानुक आणि यास्कावा ही नावे जगात अग्रणी आहेत. वेल्डिंग, रंगकाम, जड उचलठेव ही कामे केव्हाच त्यांच्याकडे गेली. परंतु दहा तऱ्हेचे शंभर-शंभर नग बनविणाऱ्या लहान कारखान्याला यंत्रमानव परवडत नाही. आणि साच्याला शेवटचा हात मारणे, वायरिंगचे जुडगे मोटारीत बसविणे, डबाबंद जेवण भरणे ही कामे अजून बोटांनीच होतात. त्यामुळे पासष्टीपुढचे नव्वद लाखांवर जपानी आजही कुठे ना कुठे कामावर आहेत. कारखान्यांत साठीला निवृत्त करून दुसऱ्या दिवशी कमी पगारावर त्याच यंत्रासमोर उभे करण्याची रीत आहे. एवढे करूनही भागत नाही, तेव्हा परका कामगार येतो.

२००८ साली जपानमध्ये नोंद झालेले परकी कामगार ४ लाख ८६ हजार होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही संख्या २३ लाखांवर गेली आणि त्यांतील जवळपास सहा लाख कारखान्यांत आहेत. सर्वांत मोठा गट व्हिएतनामी लोकांचा. ही माणसे आली कोणत्या दाराने? मुख्य दार होते तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनेचे, १९९३ साली सुरू झालेल्या. कागदावर हेतू उदात्त : विकसनशील देशांतील तरुणांनी जपानी कौशल्य शिकावे आणि मायदेशी न्यावे. प्रत्यक्षात ज्या कामांना जपानी माणूस मिळत नाही, त्या कामांना तीन ते पाच वर्षांसाठी माणूस पुरविण्याची ती व्यवस्था बनली. प्रशिक्षणार्थीला मालक बदलता येत नसे. अनेकजण गावाकडे दलालांचे कर्ज डोक्यावर घेऊन येत. मालक वाईट निघाला तर पळून जाणे एवढाच मार्ग उरे; २०२३ या एका वर्षात साडेनऊ हजारांहून अधिक जण असे बेपत्ता झाले. भारत या योजनेत ऑक्टोबर २०१७च्या सहकार्य करारानंतर आला आणि त्याचा वाटा लहानच राहिला.

एप्रिल २०१९ पासून ‘विशिष्ट कौशल्यधारक’ असे दुसरे दार उघडले गेले. येथे प्रथमच जपानने आडपडदा न ठेवता, होय, आम्हाला कामगार हवे आहेत, असे म्हटले. भारताशी याबाबतचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. कौशल्याची आणि भाषेची परीक्षा द्यावी लागते. त्याच कामावरील जपानी माणसाइतका पगार देणे बंधनकारक आहे. त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो. मात्र पहिल्या श्रेणीत एकूण मुक्काम पाच वर्षांचा आणि बायकामुलांना नेता येत नाही. दुसऱ्या, वरच्या श्रेणीत गेल्यास मुदतवाढ मिळत राहते आणि कुटुंबही नेता येते. जुनी प्रशिक्षणार्थी योजना गुंडाळून तिच्या जागी ‘इकुसेई शूरो’ ही नवी व्यवस्था आणण्याचा कायदा जून २०२४ मध्ये जपानी संसदेने केला. एप्रिल २०२७ ही तिच्या अंमलाची तारीख. तिच्यात ठरावीक काळ काम केल्यावर, काही अटींवर, मालक बदलण्याची मोकळीक आहे.

आता मोरगावकडच्या त्या घराचा हिशेब मांडू. जपानचे किमान वेतन २०२५च्या वाढीनंतर सरासरीने ताशी १,१२१ येन झाले. टोक्योत ते बाराशेच्या वर आहे, दूरच्या प्रांतांत हजारापेक्षा थोडेच अधिक. महिन्याला १७० तास धरले तर १ लाख ९० हजार येन होतात. येनचा भाव ५५ ते ६० पैसे धरल्यास रुपयांत एक लाखाच्या थोडे वर. आकडा भुरळ घालणारा आहे. परंतु त्यातून कर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतनाची वर्गणी आणि खोलीचे भाडे जाते. येनही पूर्वीचा राहिलेला नाही. २०१२ साली डॉलरला ८० येन पडत, जुलै २०२४ मध्ये १६० पडले. जपानमध्ये मिळविलेला पैसा घरी पाठविताना ही घसरण परक्या कामगाराच्या खिशातून जाते. व्हिएतनामी तरुण आता कोरिया आणि तैवानचीही तुलना करू लागले आहेत, आणि जपानने भारताकडे मोर्चा वळविण्यामागे हे एक कारण असावे.

कोण किती पैसे मागतो, यावर बरेच काही ठरेल. प्रशिक्षणार्थी योजनेत भारतातून पाठविणाऱ्या संस्थांना राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाची मान्यता लागते. ती यादी न पाहता अनामत भरणे म्हणजे व्हिएतनामच्या खेड्यांत जे झाले त्याची उजळणी करणे होय. प्रशिक्षणार्थीचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे आणि काम सोडल्यास दंड भरण्याचा करार करणे, या दोन्ही गोष्टींना जपानी कायद्याने २०१७ पासून मनाई आहे. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यामुळे तेथे भरलेल्या निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचे काय होणार हे निघण्यापूर्वीच विचारून घेता येते. विचारणारे फार थोडे असतात.

आणखी एक प्रश्न कोणत्याच जाहिरातीत नसतो. पाच वर्षांनी परतलेला मुलगा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असेल. साच्याचे काम, यंत्राची देखभाल, जपानी भाषा एवढे त्याच्या गाठीशी असेल. जेजुरी वा बारामतीच्या दारात त्याला पुन्हा कंत्राटदारच भेटला, तर ते कौशल्य कोणत्या दराने मोजले जाईल? भारत आणि जपान यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये दहा वर्षांत तीस हजार जणांना जपानी धर्तीचे उत्पादन-प्रशिक्षण देण्याचे ठरविले आणि त्यातून जपानी कंपन्यांनी चालविलेल्या प्रशिक्षणसंस्था गुजरात, कर्नाटक, राजस्थान आणि तमिळनाडूत प्रथम निघाल्या. पुणे जिल्ह्यासारख्या वाहन उद्योगाच्या आगरात परतलेल्या कामगाराला पर्यवेक्षक वा प्रशिक्षक म्हणून थेट, कायम नेमणुकीवर घेण्याची वाट उद्योगांनी अद्याप आखलेली दिसत नाही.

भाषेच्या बाबतीत मात्र पुण्याची बाजू जमेची आहे. रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाच्या वर्गांपासून खासगी शिकवण्यांपर्यंत जपानी शिकण्याची परंपरा शहरात अनेक दशकांची आहे. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारलेले आहे, आणि रविवारी तेथे फिरायला जाणाऱ्यांत संगणक अभियंत्यांइतकेच जपानीचे विद्यार्थीही आढळतात. आजवर ही भाषा शिकली ती मुख्यतः शहरातील मुलामुलींनी, भाषांतर आणि संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांसाठी. लेथवर बसणाऱ्याने ती शिकावी असे कोणाला सुचले नव्हते. कौशल्यधारकाच्या दारातून जायचे तर जपानी भाषाक्षमतेच्या पाच पायऱ्यांतील खालून दुसरी, एन-फोर, किंवा तिच्या तोडीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. दोन लिप्या, काहीशे चित्राक्षरे आणि सुपरवायझरचे बोलणे कळेल एवढा कान, अशी ही तयारी. पाळ्यांचे काम सांभाळून शिकणाऱ्याला तिला सहज वर्षभर लागते. भाषाक्षमतेची ही परीक्षा जुलैत आणि डिसेंबरमध्ये होते. केंद्र पुण्यात आहे, मोरगावहून चौसष्ट किलोमीटरवर.